'शरीफ' : उपाधी, व्यक्तिनाम आणि नवस

अरबी व्यक्तिनामाची चर्चा बहुधा कोशातील अर्थापाशी थांबते. 'शरीफ म्हणजे कुलीन, सभ्य' असे सांगितले की नोंद पुरी झाली असे मानले जाते. परंतु नाम हे केवळ अर्थवाही पद नव्हे. ते कोणी, कोणाला आणि कोणत्या निमित्ताने दिले, यावर त्याचा खरा आशय अवलंबून असतो. 'शरीफ' या नामाचा अरबस्तानापासून दख्खनपर्यंतचा प्रवास या दृष्टीने विशेष बोलका आहे.

श-र-फ या धातूचा मूळ भाव उंचीचा आहे. त्याच धातूपासून झालेला 'शुर्फा' हा शब्द इमारतीच्या पुढे आलेल्या सज्जाला लावतात. उंचावरून पाहणारा, देखरेख करणारा तो 'मुश्रिफ'. सुलतानी राजवटींत हे एका अधिकाऱ्याचे पदनाम होते आणि मराठीत 'मुश्रीफ' हे आडनाव त्याची खूण म्हणून राहिले आहे. आदरार्थी 'तशरीफ' आणि सोन्याचे नाणे 'अशर्फी' याच कुळातील. पैकी अशर्फीचे नाव अल्-अश्रफ ही पदवी धारण करणाऱ्या बर्सबाय या इजिप्तच्या मामलूक सुलतानाशी निगडित आहे. 'सराफ' मात्र या कुळातील नव्हे. त्याचा धातू निराळा, आद्य वर्णही निराळा. मराठीच्या कानाला ते साम्य भासते इतकेच.

रूपदृष्ट्या 'शरीफ' हे करीम, रहीम, कबीर यांच्याच साच्यातील विशेषण होय. अंगी मुरलेला, स्थायी गुण हा साचा दर्शवितो. तरीही एक भेद महत्त्वाचा आहे. करीम, रहीम ही ईश्वराच्या नव्व्याण्णव नामांत येतात, म्हणून माणसाचे नाव ठेवताना त्यांच्याआधी 'अब्दुल' लावण्याची रीत पडली. नव्व्याण्णव नामांच्या रूढ यादीत 'शरीफ' नाही. ते आरंभापासून माणसाचेच विशेषण आहे, आणि तेही पूर्वजांच्या बळावर मिळणारे.

इस्लामपूर्व काळात टोळीतील थोर घराण्याचा पुरुष तो 'शरीफ'. पुढे हा मान प्रेषितांच्या वंशाकडे वळला आणि शब्दाला उपाधीचे स्वरूप आले. या वंशजांच्या नोंदी ठेवण्यासाठी 'नकीब' नेमला जाई. 'नह्जुल् बलागा'चा संकलक अश्-शरीफ अर्-रदी हा दहाव्या-अकराव्या शतकांतील कवी अशाच नकीबाचा पुत्र. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इजिप्तमध्ये सुलतान शाबानने शरीफांनी पागोट्याला हिरवी खूण लावावी असा हुकूम काढला. वंश डोळ्यांना दिसावा, ही त्यामागील निकड. मक्केची सत्ता तर शतकानुशतके 'शरीफ' म्हणविणाऱ्या घराण्याकडे होती. १९१६ च्या अरब उठावाचा नेता हुसेन बिन अली हा याच परंपरेतला. तात्पर्य, अरबी समाजात हा शब्द कुळाचा दावा सांगतो. 'अश्-शरीफ' असे उपपदासह आले की ती बहुधा उपाधी, उपपदावाचून आले की साधे व्यक्तिनाम, असा स्थूल भेद करता येतो. उपाधी सैल होत होत पाळण्यातील नाव बनली ती याच वाटेने.

दख्खनमध्ये या शब्दाला अगदी वेगळे वळण मिळाले. मालोजी भोसले यांच्या दोन पुत्रांची नावे शहाजी आणि शरीफजी. अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) शाह शरीफ या पीराच्या कृपेने पुत्रप्राप्ती झाली, म्हणून त्याचे नाव दोघांत वाटून ठेवले, अशी परंपरा आहे. येथे 'शाह' फारसी, 'शरीफ' अरबी आणि दोहोंना जोडलेला 'जी' देशी. एका सत्पुरुषाचे नाव दुभंगून दोन भावांना देणे ही कल्पनाच मुळी अरबी नामपद्धतीत बसणारी नाही. ती नवसाच्या पद्धतीत बसते. खंडोबाच्या नवसाचा तो खंडोजी, भैरोबाचा तो भैरोजी. त्याच न्यायाने शरीफजी.

या नावांत केवळ सुलतानी दरबाराची खुशामत पाहणारे वाचन म्हणूनच अपुरे ठरते. त्यांची लाज वाटून ओढूनताणून संस्कृत व्युत्पत्ती शोधणे तर निष्फळच. भोसले घराण्याने हे नाव स्वीकारले तेव्हा त्याच्या गाभ्यातील प्रेषितवंशाचा दावा त्यात उरलाच नव्हता. उरली होती ती पीराविषयीची कृतज्ञता. नामाचा कोशार्थ पुसला गेला आणि प्रसंगार्थ ठसला. मोडी लेखनात इकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही, त्यामुळे 'शरिफजी' असेही वाचन आढळते. उच्चारातील अरबी 'फ' तर मराठी ओठांवर केव्हाच बदलला.

'अजमेर शरीफ' यासारख्या प्रयोगांत हा शब्द स्थळाच्या पावित्र्याचे विशेषण होतो, तर हिंदीच्या सहवासाने आजच्या बोलीत आलेला 'शरीफ माणूस' म्हणजे केवळ सरळमार्गी, कोणाच्या अध्यात-मध्यात नसलेला. कुळाचा गर्व सांगणारा शब्द निरुपद्रवीपणाचा वाचक व्हावा, ही गंमतच म्हणावयाची.

दोन्ही भावांची नावे घराण्यात पुढेही राहिली. शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत कामी आले. शहाजी हे नाव घराण्यात पुन्हा पुन्हा ठेवले गेले. १६८४ मध्ये तंजावरच्या गादीवर दुसरा शहाजी बसला, पुढे कोल्हापुरासही ते आले. ही पुनरावृत्ती आजोबा-पणजोबांच्या स्मरणार्थ होती, पीराशी तिचा संबंध उरला नव्हता. 'शरीफजी' हे नावही 'सरफोजी' या रूपाने तंजावरच्या गादीवर आले. तरीही 'शरीफजी' हे मूळ रूप आज उच्चारले की अहमदनगरच्या त्या पीराचीच कथा सांगावी लागते.