अंथरूण पाहून पाय पसरावे

कल्याणमधील एका सुताराच्या मुलाला पुस्तकांच्या मांडणीचा आराखडा मिळाला. तो मोठ्या सीएनसी यंत्रासाठी होता. सीएनसी यंत्र संगणकाच्या आज्ञेप्रमाणे लाकूड कापते. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब सुरू झाली. तेथे विद्यार्थी संगणकाच्या साहाय्याने वस्तू बनवायला शिकतात.

मुलाचे यंत्र मात्र टेबलावर मावणारे होते. त्याचा बेड फक्त ३०० बाय १८० मिलिमीटर! त्याने सगळी मापे निम्मी केली व तुकडे कापले. पण जोड ढिले पडले. मांडणी उभी राहीना. प्लायवुड वाया गेले.

"अब्बा, माझे काय चुकले?"

अब्बांनी तुकडा हातात घेतला. "बेटा, मापे तू ठरवलीस. लाकडाची जाडी पाहिलीस का?"

मुलाच्या लक्षात आले. मूळ आराखडा १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडसाठी होता. खाचा निम्म्या होऊन ९ मिलिमीटरच्या झाल्या. घरचे प्लायवुड तर ६ मिलिमीटरचे! त्याने खाचा ६ मिलिमीटरच्या केल्या. फिरणाऱ्या कटरने आतला कोपरा गोल राहतो, म्हणून तेथे लहान छिद्र दिले. यंत्र नाजूक, म्हणून एका फेरीत १ मिलिमीटर, अशा सहा फेऱ्या ठेवल्या. आधी टाकाऊ तुकड्यावर जोड तपासला.

या वेळी मांडणी उभी राहिली. पहिले पुस्तक अब्बांनी ठेवले.

शब्दार्थ : आराखडा – नकाशा, ढिला – सैल, खाच – जोडासाठी कापलेली फट.

स्वाध्याय :
१. पहिली मांडणी उभी का राहिली नाही?
२. शीर्षकातील म्हण या पाठाला कशी लागू पडते?