पेटी आमची, आंबा दुसऱ्याचा

ऐन एप्रिलात पुण्याच्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, तोही तक्रारीचा. पेटीवर आमचं नाव, आमचा नंबर; आत मात्र जाड सालीचा, चिरल्यावर फिकट पिवळा निघणारा आंबा. फोटो पाहिले तर पेटी खरंच आमची होती. वाशीच्या बाजारात रिकाम्या झालेल्या पेट्या विकल्या जातात आणि त्यांत परराज्यातला माल भरून ‘रत्नागिरी हापूस’ म्हणून पुढे जातो, हे आमच्याकडच्या प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे. यंदा पाळी आमची होती.

भौगोलिक मानांकनाचं, म्हणजे जीआयचं प्रमाणपत्र पिशवीत घालून मी वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, “हे आंब्याचं झालं काका. पेटीवरचं नाव कुणाचं?”

या एका प्रश्नाभोवती सगळं फिरतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ऑक्टोबर 2018 मध्ये. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसपुरतं ते आहे. हा हक्क कुणा एकाचा नाही, तो विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करून देता येत नाही. पण म्हणून बाग रत्नागिरीत आहे एवढ्यावर तो आपोआप वापरताही येत नाही. प्रत्येक बागायतदाराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची नोंद करावी लागते. कलमांची नोंद असलेला सातबारा, आधार कार्ड आणि अर्ज घेऊन मानांकनाच्या नोंदणीकृत संस्थेकडे जायचं. तिथून कागद चेन्नईच्या रजिस्ट्रीत जातात. 2020 च्या दुरुस्तीनंतर सरकारी फी फक्त 10 रुपये आहे, संस्थेचा खर्च वेगळा. नोंद असेल तर खोट्या हापूसविरुद्ध आपणही कोर्टात उभे राहू शकतो. गुन्हा सिद्ध झाला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड, असं मानांकनाचा 1999 चा कायदा सांगतो. नोंद नसलेल्याने नुसता संताप करून भागत नाही. इटलीच्या प्राडा कंपनीने मानांकन असलेल्या कोल्हापुरीसारख्या चपला मिलानच्या रॅम्पवर आणल्या तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली होती. जुलै 2025 मध्ये ती फेटाळली गेली. मानांकन ज्यांच्या नावावर आहे त्यांनी दाद मागावी, असा न्यायालयाचा रोख होता.

पेटीवरचं आमचं नाव म्हणजे ट्रेडमार्क, आणि तो वेगळा कायदा. नाव बाबांच्या काळापासून चालत आलेलं, नोंदणी मात्र नव्हती. तेव्हा आमच्या गावात ती कुणाचीच नसायची. नोंदणी नसली तरी आधीपासून वापरणाऱ्याला कायदा वाऱ्यावर सोडत नाही, पण मग वापर सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते. वकीलबाईंनी विक्रीच्या जुन्या पट्ट्या मागितल्या. माळ्यावरच्या ट्रंकेत सापडल्या: गंजलेल्या टाचणीने अडकवलेल्या, दलालाच्या अक्षरात आमचं नाव, पेट्यांचा आकडा, खाली हमाली आणि आडत कापून उरलेली रक्कम. बाबांनी रद्दीत घातल्या नाहीत म्हणून. छापखान्याची दोन बिलंही निघाली. माझं सांगणं एवढंच, की पट्टी, बिल, लेबलाचा जुना नमुना यातलं काहीही फेकू नका.

त्या जोरावर आमच्या पेटीत दुसरा माल भरणाऱ्या व्यापाऱ्याला नोटीस गेली. व्यापाऱ्याचं उत्तर आलं की त्याने पेट्या भंगारात घेतल्या, पुन्हा असं होणार नाही. भरपाई म्हणाल तर शून्य. तरी गिऱ्हाइकाला दाखवायला हातात कागद आला, हे काही कमी नाही.

नंतर ट्रेडमार्कच्या नोंदणीचा अर्ज केला. व्यक्ती किंवा छोट्या उद्योगाने ऑनलाइन भरला तर एका वर्गाला 4500 रुपये. वर्ग नीट बघून भरा: ताजा आंबा 31 मध्ये येतो, जॅम आणि टिकवलेली फळं 29 मध्ये, सरबत 32 मध्ये. एकाच वर्गात भरलं तर बाकीचं अंगण उघडंच. ‘रत्नागिरी हापूस’ किंवा ‘गोड आंबा’ एवढंच नाव कुणा एकाला मिळत नाही. आपलं म्हणून ओळखू येईल असं काहीतरी हवं. अर्ज जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने हरकतींसाठी असतात. आणि नोंदणी हातात पडेपर्यंत वर्तुळातला ‘आर’ लेबलावर छापू नका, ते बेकायदेशीर आहे. छपाईवाला हौसेने टाकतो.

“नावाचं पेटंट काढलं का?” असं अजूनही लोक विचारतात. पेटंट नव्या शोधाला, 20 वर्षांसाठी. शेती करायच्या पद्धतीला आपल्याकडे ते मिळतच नाही, तेव्हा आढी लावायची तुमची खास रीत असली तरी त्या वाटेला जाऊ नका. जुनं ज्ञानही चालत नाही. हळदीने जखम भरते यावर 1995 मध्ये अमेरिकेत दिलेलं पेटंट रघुनाथ माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ पुढे करून 1997 मध्ये रद्द करायला लावलं, ते याच मुद्द्यावर.

पेटीचा उपाय मात्र कायद्यात कमी, हाताशी जास्त. पेटी पुन्हा भरता येते, फळ नाही. म्हणून आता काही बागायतदार प्रत्येक फळाला क्यूआर कोडचा स्टिकर लावतात. खर्च आणि मजुरी वाढते हे खरं. आम्ही खोक्यावर हंगामाचं वर्षही छापतो, म्हणजे जुनं खोकं पुढच्या साली चालत नाही.

राहिलं लेबलावरचं चित्र. पैसे दिले म्हणजे चित्र आपलं झालं, असं आम्ही सगळेच धरून चालतो. पण बाहेरच्या चित्रकाराने काढलेल्या लेबलाचा कॉपीराइट लेखी करार नसेल तर बहुधा त्याच्याकडेच राहतो, आणि करारात मुदत लिहिली नाही तर हक्क पाचच वर्षांपुरता मिळतो. म्हणून आमच्या नव्या लेबलाच्या वेळी चित्रकाराशी करार केला तेव्हा त्यात ‘कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, भारतात आणि भारताबाहेर’ असे शब्द घातले. निर्यात करायची तर ते भारताबाहेरचे शब्द लागतातच.