एका गिटारीवर तीन आवाज

व्हिडिओ गेममधील एखादी अवघड रचना गिटारीवर केवळ बोटांनी वाजवू पाहणाऱ्याची समजूत अशी असते की, खरी अडचण वेगाची आहे. वस्तुतः ती आवाजांच्या संख्येची असते. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली विक्रीस आणलेल्या फॅमिकॉम यंत्रात ध्वनिनिर्मितीचे पाच मार्ग होते. दोन चौकोनी तरंगांचे, एक त्रिकोणी तरंगाचा, एक खरखरीचा आणि एक ध्वनिमुद्रित नमुन्यांचा. कोजी कोंडो यांचे ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे (१९८५) संगीत यांपैकी पहिल्या चारांवरच उभे आहे. नायकाने उडी मारली की तिच्या आवाजासाठी संगीताचाच एक मार्ग क्षणभर काढून घेतला जाई, इतकी ती काटकसर होती.

गिटारवादकाला हे मार्ग एकाच उजव्या हातावर वाटून द्यावे लागतात. खर्ज अंगठ्याकडे, साथ तर्जनीकडे, मुख्य चाल मध्यमा व अनामिकेकडे. खरखरीचा ताल बहुधा सोडून दिला जातो, किंवा गिटारीच्या लाकडावर थाप देऊन सुचविला जातो.

याच रचनेच्या मुख्य चालीनंतर येणारा दुसरा भाग पाहावा. एका आवर्तनाचे आठ समान भाग कल्पिले, तर खर्ज पहिल्या, चौथ्या व सातव्या भागावर पडतो. म्हणजे तीन, तीन, दोन अशी त्याची विभागणी होते. चालीचे स्वर मात्र तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या, सहाव्या व आठव्या भागावर येतात. अंगठा व बोटे एकत्र भेटतात ती फक्त चौथ्यावर. टॅब पाहून दोन्ही हात एकदम चालविणारा विद्यार्थी येथेच अडखळतो आणि दोष बोटांना देतो.

मैसूरच्या गोकुलम भागात गिटार शिकणाऱ्याला यावरील उपाय दूर शोधावा लागू नये. हे वीणा शेषण्णा (१८५२–१९२६) यांच्यासारख्या वैणिकांचे शहर. वीणेच्या सात तारांपैकी चार रागासाठी, तीन तालासाठी असतात. तर्जनी व मध्यमा राग छेडतात, करंगळी तालाच्या तारांवर मात्रा राखते. करंगळीला तिचे काम स्वतंत्रपणे येत नसेल, तर रागही डळमळतो. गिटारीच्या अंगठ्याची गोष्ट तीच आहे. म्हणून प्रथम केवळ खर्ज वाजवावा, तोही मूळ गतीच्या निम्म्याने, आणि तोंडाने चालीचे भाग मोजावेत. तबल्याच्या विद्यार्थ्याला पढंतीची सवय असते. त्याला हे सोपे जाते. अंगठा न थांबता चालू असताना चाल गुणगुणता आली, की मगच बोटे तारांवर ठेवावीत.

त्रिकोणी तरंगाच्या मार्गात आवाज लहानमोठा करण्याची सोय नव्हती. स्वर सुरू करणे व थांबविणे एवढेच शक्य होते. त्या खर्जाचा डौल स्वरांच्या लांबीत आहे, जोरात नाही. गिटारीवर तो आणण्यासाठी तळहाताची कड घोडीजवळ तारांवर अलगद टेकवावी आणि प्रत्येक आघात सारखाच ठेवावा. खर्ज घुमत राहिला तर वरची चाल त्यात बुडते.

डाव्या हाताचा ताण हा वेगळा प्रश्न. काही मांडण्यांत खर्जाचा स्वर दाबून धरून चार-पाच पडदे दूरचा स्वर मागितलेला असतो, आणि सगळेच हात तेवढे मोठे नसतात. मनगट दुखेपर्यंत ताणण्यापेक्षा तेथे साथीचा स्वर गाळावा.