विषय आणि आशयसूत्र : कथाकारांच्या अभ्यासाच्या दिशा

नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुका सप्तशृंगगडामुळे आणि गिरणेवरील चणकापूर धरणामुळे सर्वपरिचित आहे. त्याच्या डोंगरपट्ट्यात कोकणा, भिल्ल, महादेव कोळी आदी जमातींची वस्ती आहे. येथील अनेक मुलांची घरची बोली एक, तर पाठ्यपुस्तकातील मराठी दुसरी असते. अशा वर्गात एखाद्या दूरच्या वाडीची कथा शिकविली जाते, तेव्हा समोरचा विद्यार्थी तसल्या जीवनाचा जाणकारही असतो. कथाकाराचा अभ्यास कसा करावा, हा प्रश्न त्यामुळे येथे विद्यापीठापुरता राहत नाही.

विषय आणि आशयसूत्र यांतील भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे. कथा कशाबद्दल आहे, हा विषय. त्याबद्दल ती कोणते जीवनदर्शन घडविते, हे आशयसूत्र. व्यंकटेश माडगूळकर (१९२७-२००१) यांची 'बनगरवाडी' ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. औंध संस्थानातील धनगरांची वाडी हा तिचा विषय. परंतु परका म्हणून आलेला तरुण शिक्षक वाडीचा होत जातो, तालीम उभी राहते, आणि अखेर दुष्काळ त्या वाडीलाच उठवितो. माणसांनी जोडलेले जग निसर्गापुढे किती नाजूक असते, हे तिचे आशयसूत्र म्हणता येईल.

अभ्यासाच्या चार दिशा

पहिली दिशा चरित्राची. माडगूळकर तरुणपणी स्वतः शिक्षक होते, ही माहिती उपयुक्त आहे; मात्र कादंबरीतील मास्तर म्हणजे लेखकच, असे मानणे घाईचे ठरते.

दुसरी दिशा समाजाची. कुसुमावती देशपांडे यांनी 'मराठी कादंबरी : पहिले शतक' या ग्रंथात कादंबरीच्या वाटचालीचा साक्षेपी आढावा घेतला. असा आढावा वाचताना कादंबरी आणि तिचा काळ यांचा संबंध उमगू लागतो.

तिसरी दिशा रूपाची. बा. सी. मर्ढेकर यांनी संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घडणीकडे लक्ष वेधले.

चौथी दिशा देशीयतेची. भालचंद्र नेमाडे यांनी 'टीकास्वयंवर' (१९९०) मधील लेखांतून साहित्याचे मूल्यमापन आपल्या भूमीच्या व भाषेच्या संदर्भात करण्याचा आग्रह धरला.

या दिशा परस्परपूरक आहेत. नाशिकजवळील विहितगाव येथे १९३० साली जन्मलेले बाबूराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाचे उदाहरण घ्यावे. शीर्षककथेचा विषय अस्पृश्यता आहे, एवढे सांगून अभ्यास संपत नाही. जात लपवून जगणाऱ्या निवेदकाच्या मनातील सततचे भय आणि त्याचा स्वाभिमान यांचा झगडा हा कथेचा गाभा आहे. ती निवेदकाच्याच तोंडून आल्यामुळे वाचक त्या भयात सहभागी होतो. येथे सामाजिक आशय आणि निवेदनाचे रूप यांना वेगळे करता येत नाही.

कथा म्हणजे अहवाल नव्हे

अधिकारी आणि कार्यकर्ते कथेकडे पुष्कळदा एखाद्या समाजाची माहिती देणारे साधन म्हणून पाहतात. अहवालात कुटुंबे मोजली जातात. कथेत एका माणसाचे मन उलगडते. आदिवासी किंवा ग्रामीण पात्राला संपूर्ण जमातीचा नमुना मानले, की त्याचे माणूसपण हरपते. वर्गातील त्याच समाजाच्या मुलाला मग आपणही इतरांच्या कुतूहलाचा विषय आहोत, असे वाटू लागते. उलट, हे पात्र असे का वागले, असे त्याला विचारले तर त्याच्या अनुभवाला अभ्यासात स्थान मिळते.

कळवणसारख्या भागातील शाळांत व गावोगावच्या ग्रंथालयांत कथावाचन करताना चार प्रश्न पुरेसे ठरतील. कथा कोण सांगतो? तो त्या समाजाच्या आतला आहे की बाहेरचा? पात्रे कोणत्या बोलीत बोलतात, आणि निवेदन कोणत्या भाषेत होते? कथेच्या अखेरीस कोणाच्या जीवनात काय पालटले? उत्तरे प्रथम विद्यार्थ्यांकडून यावीत. समीक्षकांची मते त्यानंतर सांगावीत. या क्रमाने गेल्यास समीक्षेचे सिद्धांत पाठांतराचा भार होत नाहीत आणि मुलाच्या घरच्या बोलीलाही वर्गात मान मिळतो.