मुक्या जीवांसाठी भेट

समजा, आपल्या दौंड तालुक्यातल्या एका गावी गुरुजींचा निरोपसमारंभ आहे. गुरुजींना जनावरांची भारी माया. गाव म्हणते, "गुरुजींना शाल-नारळ देऊ." गुरुजी म्हणतात, "शाल घरी आहे. माझ्या नावाने गोशाळेला काहीतरी द्या."

किती चांगली भेट! पण काय द्यावे, हे कळायला हवे.

ही रीत जुनी आहे. 1832 साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम निघाला. लोक चिडले. दंगा झाला. मग 1834 साली मुंबईत पांजरपोळ सुरू झाला. पांजरपोळ म्हणजे म्हाताऱ्या, लंगड्या, टाकून दिलेल्या जनावरांचा आसरा. जमशेटजी जीजीभॉय हे पारशी आणि शेठ मोतीचंद अमीचंद हे जैन. दोघांनी त्यात पुढाकार घेतला. व्यापाऱ्यांनीही मालावर ठरावीक रक्कम देऊ केली. एकदाच मोठे दान देण्यापेक्षा थोडे पण नेमाने दिलेले बरे. जनावराला भूक रोज लागते.

आता एक धोका ऐका. सणाला आपण गाईला पुरणपोळी देतो. एक घास ठीक आहे. पण घरोघरच्या पोळ्या, भात, भिजवलेले पीठ गोशाळेत नेऊन ओतले तर? गाईचे पोट चाऱ्यासाठी असते. असे अन्न फार झाले की ते पोटात आंबते. गाय रवंथ करीत नाही. पोट फुगते. कधी गाय दगावते. पुण्य करायला जावे नि पाप पदरी पडावे, अशी गत होते. शिळे अन्न प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तर कधीच टाकू नका. गाय पिशवीसकट गिळते.

मग द्यावे काय?

पहिली गोष्ट, चारा. मोठ्या गाईला रोज 15 ते 20 किलो हिरवा चारा लागतो. शिवाय 4 ते 6 किलो सुका चारा लागतो. कडबा सुगीत स्वस्त असतो. तेव्हाच घेऊन द्यावा. उन्हाळ्यात तो कामी येतो. आपल्या दौंड-शिरूर भागात ऊस पुष्कळ. म्हणून वाढे देणे सोपे. पण नुसते वाढेच रोज खाल्ले तर जनावराच्या अंगातला चुना कमी होतो. म्हणून सोबत कडबाही द्या.

दुसरी, पाण्याचा हौद, मिठाची वीट, औषधे. आधी गोशाळेत विचारा, "तुम्हाला काय कमी आहे?"

तिसरी, श्रम. पैसा नसेल तर गोठा झाडा, चारा वाहून द्या. गावातल्या उघड्या विहिरीला कठडा बांधा. अशा विहिरीत कुत्री, वासरे पडतात. बिबट्यासुद्धा पडतो. पडलेला जीव काढण्यापेक्षा पडूच न देणे सोपे.

पैसे देताना आधी जाऊन जनावरे पाहा. पावती घ्या. वाटेत जनावर आजारी दिसले तर 1962 या क्रमांकावर फोन करा. सरकारचा फिरता पशुवैद्यकीय दवाखाना मिळतो.

जनावराला मागता येत नाही. म्हणून देणाऱ्याने विचार करून द्यावे.

सांगा पाहू :
1. पांजरपोळ म्हणजे काय?
2. गाईला फार भात का घालू नये?
3. तुमच्या गावात कठडा नसलेल्या विहिरी किती?