सासूबाईंचं कार्ड काढलं का?

ताईंनो, बैठकीत कर्जाचं कारण विचारलं की "सासूबाईंचं ऑपरेशन" हे उत्तर कितीदा येतं! यातली काही कर्जं टळू शकतात.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्नाची अट नाही, हप्ता नाही. वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून. सासूसासरे दोघंही सत्तरीपुढचे असतील तर हे ५ लाख दोघांत मिळून. घरात आधीच आयुष्मान कार्ड असलं तरी म्हाताऱ्या माणसांसाठी हे वेगळे ५ लाख आहेत, पण त्यासाठी नवा अर्ज करून ई-केवायसी पुन्हा करावी लागते.

खरी अडचण येते आधारची. वय आधारवरचंच धरतात, आणि आपल्याकडच्या कितीतरी आज्यांची जन्मतारीख अंदाजाने टाकलेली! तारीख आत्ताच वाचून बघा. शेतात राबून बोटं झिजली की ठसेही उमटत नाहीत. मग मोबाईल आधारला जोडलेला असेल तर ओटीपीवर, नाहीतर डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवता येते. "ठसा येत नाही" म्हणाले म्हणून परत फिरू नका.

हे कार्ड दवाखान्यात दाखल झाल्यावरच चालतं. दर महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्यात नाहीत. दवाखाना योजनेतला आहे का, हे आधी १४५५५ वर विचारा. तिथं गेल्यावर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला गाठा.

घरात दिव्यांग माणूस असेल तर? स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असल्यास नॅशनल ट्रस्टची निरामय योजना आहे. वर्षाला १ लाखापर्यंत, आणि यात ओपीडी, थेरपीसुद्धा बसते. मात्र पैसे आधी आपण भरायचे, मग बिलं पाठवून परत मागायचे. त्यामुळे चिठ्ठीसुद्धा फेकू नका. दृष्टी किंवा हातापायाचं अपंगत्व निरामयमध्ये येत नाही. त्यांच्यासाठी रेशनकार्डावरची महात्मा फुले जनआरोग्य योजना बघावी.

पुढच्या बैठकीला येताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांची आधार कार्डं घेऊन या. सीआरपी ताई तारखा वाचून यादी करतील.