मोठ्या कंपनीतील नोकरी : कामगारांच्या नजरेतून

"नीट अभ्यास कर, म्हणजे मोठ्या कंपनीत लागशील," असं आपण मुलांना नेहमी सांगतो. पगाराचा आकडाही सांगतो. पण तिथे माणसाचा दिवस कसा जातो, हे सांगायचं राहूनच जातं. नववी-दहावीच्या मुलांना हा विषय समजावायला अमेरिकेतील फोर्ड मोटार कंपनीचं उदाहरण उपयोगी पडतं.

१) काम कसं बदललं?

हेन्री फोर्ड यांची कंपनी १९०३ मध्ये सुरू झाली. डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क कारखान्यात 'मॉडेल टी' ही स्वस्त गाडी तयार व्हायची. १९१३ मध्ये तिथे सरकती असेंब्ली लाइन आली. पूर्वी कामगार गाडीभोवती फिरून जुळणी करायचे, आता गाडीच त्यांच्यासमोर सरकत येऊ लागली. एकाने बोल्ट घालायचा, दुसऱ्याने नट लावायचा, तिसऱ्याने तो आवळायचा. दिवसभर तेच! गाडीचा सांगाडा जोडायला आधी सुमारे साडेबारा तास लागायचे, ते काम दीड तासावर आलं.

कंपनीला हे फायद्याचं होतं. कामगारांना मात्र ते सोसेना. कारखान्यात साधारण १४,००० माणसं लागत, पण तेवढी टिकवण्यासाठी १९१३ या एका वर्षात ५०,००० हून जास्त माणसं भरावी लागली. लोक येत होते आणि सोडून जात होते.

(हे आकडे फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा, "लोक नोकरी का सोडत असतील?" उत्तर लगेच सांगू नका.)

२) पाच डॉलर

५ जानेवारी १९१४ रोजी कंपनीने जाहीर केलं की दिवसाला पाच डॉलर मिळतील आणि काम नऊ तासांऐवजी आठ तास राहील. आधीची मजुरी याच्या निम्मीही नव्हती. बातमी फुटताच कडाक्याच्या थंडीत हजारो लोक फाटकाशी जमले. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाणही झपाट्याने घटलं.

पण या पाच डॉलरांत अटी होत्या. मजुरीचा मोठा भाग नफ्यातला वाटा म्हणून मिळायचा आणि तो वागणूक 'चांगली' असेल तरच. कंपनीचे तपासनीस कामगारांच्या घरी जात. घर स्वच्छ आहे का, दारू पितो का, बचत करतो का, हे सगळं पाहत. स्त्रियांना ही मजुरी सुरुवातीला नव्हतीच.

३) घरची बाजू

त्याच महिन्यात एका कामगाराच्या पत्नीने नाव न घालता हेन्री फोर्ड यांना पत्र लिहिलं. नवरा घरी येतो तो अंग टाकून देतो, जेवतसुद्धा नाही, अशी तिची तक्रार होती. पाच डॉलर आमच्यासाठी मोठं वरदान आहे, पण त्यासाठी त्यांना फार राबावं लागतं, असंही तिने कळवलं होतं.

पाठाचा गाभा इथेच आहे. ती बाई कंपनीला नुसती नावं ठेवत नाही आणि पैसे मिळतात म्हणून गप्पही बसत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मुलांना कळायला हवं.

४) बोलण्याचा हक्क

पुढे फोर्डच्या रूज कारखान्यात कामाच्या वेळी बोलायलाही बंदी होती. कामगार ओठ न हलवता कुजबुजायला शिकले! संघटना करू पाहणाऱ्यांना मारहाण झाली. अखेर १९४१ मध्ये संपानंतर कंपनीने कामगार संघटनेशी करार केला. म्हणजे मजुरी वाढल्यावरही आपलं म्हणणं ऐकलं जावं यासाठी सत्तावीस वर्षं गेली.

उपक्रम

घरातल्या किंवा शेजारच्या नोकरदार व्यक्तीला मुलांनी हे प्रश्न विचारावेत :
• तुमच्या कामाचा दिवस कसा जातो?
• कामातली कोणती गोष्ट आवडते, कोणती नकोशी वाटते?
• अडचण आली तर कोणाला सांगता? ते ऐकतात का?
• घरी आल्यावर किती उसंत मिळते?

उत्तरं वर्गात वाचताना व्यक्तीचं आणि कंपनीचं नाव घेऊ नये. कोणाची नोकरी अडचणीत यायला नको.

पालकांनो, मुलाने असं काही विचारलं तर "तुला काय करायचंय?" म्हणून उडवून लावू नका. पगार तर सांगाच, पण कामाचा थकवा आणि कामातला आनंदही सांगा. उद्या नोकरी निवडताना त्याला या सगळ्याचा हिशेब करावा लागणार आहे.